तूच हाक
तरोट्याच्या तणाचा उग्र, ओला वास आला की मला सोनाळ्याचं आमचं कपाशीचं शेत दिसतं आणि लढाईवरून परतलेले हे दिसतात. हे दोन वर्षं सीमेवर होते. सासरे अंथरुणाला खिळलेले, म्हणून औत हाकायला मीच शिकले होते. यांना मात्र पत्रातून कोणी ते कळवलं नव्हतं. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी हे कपाशीतलं तण काढायला बैलजोडी आणि डवरा घेऊन शेतात गेले. सासूबाई मला म्हणाल्या, "आता तू घरीच राय. लोक काय म्हनतीन?" तरी दुपारी मी भाकरी घेऊन गेले. बैल मधेच अडून उभे होते. हे ओरडत होते, शेपट्या पिळत होते, आणि बैल माझ्याकडे बघत होते. शेजारच्या शेतातली माणसंही थांबली होती. आवाज द्यावा तर चारचौघांत यांची लाज जाणार, न द्यावा तर हे घामाघूम. न राहवून मी हळूच म्हणाले, "चाल रे राजा," आणि जोडी निघाली. हे वळले. "तुनंच हाकले का बैल एवढे दिवस?" "हाव." "मले काऊन नाही लिहिलं?" "तुमच्या जिवाले तिकडं अजून घोर कायले?" यांनी कासरा माझ्या हातात दिला. "तूच हाक मंग," म्हणाले आणि बांधावर जाऊन बसले. पुढे औत माझ्याकडेच राहिलं, यांनी गावातल्या पिठाच्या गिरणीवर काम धरलं. लोक हसले, पण हे कधी रागावले नाहीत. आता हे नाहीत. त्या दुपारी यांनी मला मान दिला, की आपल्याच शेतात हे परके झाले, ते मी यांना कधी विचारलंच नाही.