ओसरीतून नदीला

मनकर्णा परटीण लग्न होऊन गावात आली, दुसऱ्या दिवशी सासूमागून कयाधू नदीच्या घाटावर गेली आणि मग रोजच जात राहिली. घाट दगडी, जुना. तो कुणी बांधला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तो सगळ्यांचा होता. नवरा वारल्यावर गाढव हाकायचं कामही तिच्याकडेच आलं.

छत्तीस साली संतरामपंत निजामाच्या कचेरीतली, साहेबांपुढं कागद ठेवायची पेशकारी सोडून गावी परतले. येताना त्यांनी एक उर्दू कागद आणला. घाटाची जागा पडीक असून तिचा कुणालाही उपयोग नाही, सबब ती पंतांना घरासाठी दिली आहे, असा त्यातला मजकूर. खाली गावातल्या पाच जणांचे अंगठे. ते पाचही जण त्या दिवशी घाटावरच अंघोळ करून आले होते. कागदात काय आहे, हे त्यांनी विचारलं नव्हतं. पेशकाराला कोण विचारणार?

वर्षभरात घर उभं राहिलं. दोन्ही बाजूंच्या भिंती थेट पाण्यापर्यंत गेल्या आणि घाटाच्या पायऱ्या पंतांच्या परसात आल्या. बायका कुरकुरत अर्धा कोस खाली, गुडघाभर चिखलात पाण्याला जाऊ लागल्या. मनकर्णा मात्र वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी गाढवासकट पुढच्या दारातून आत शिरली.

"कुठं निघालीस?" पंतांनी विचारलं.

"नदीला."

"हे माझं घर आहे."

"व्हय. चांगलं बांधलं."

आणि ती ओसरीतून परसात, परसातून पायऱ्यांवर गेली.

दुसऱ्या दिवशी दाराला आतून कडी. मनकर्णेनं पंतांच्या मळक्या कपड्यांचं गाठोडं तेवढं न धुताच उंबऱ्यावर उतरवलं आणि बाकीची धुणी घेऊन चिखलाची वाट धरली. पंतांनी सेनगावचा परीट बोलावला, तो तिचा चुलतदीर निघाला. जवळा बाजारचा बोलावला, तो तिचा व्याही. दोघंही पाणी पिऊन परत गेले. पंधरा दिवसांनी पंतांच्या बायकोनं, रुख्मिणीबाईंनी, स्वतःच कडी काढली.

"ये," एवढंच त्या म्हणाल्या.

आठवड्यात मनकर्णेमागून घागरी घेऊन दहा बायका येऊ लागल्या. पंत ओसरीवर पोथी वाचत बसत आणि गाढव आलं की पाय वर घेत. एकदा कचेरीतले एक साहेब त्या पडीक जागेच्या पाहणीला आले. त्यांनी ही रांग बघून विचारलं, "ये सब कौन हैं?"

"घरचेच," पंत म्हणाले.

साहेबांनी गाढवाकडे एकवार पाहिलं आणि चहा घेतला.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. घर पाडून घाट गावाला परत द्या, असा गावानं अर्ज केला. चौकशीला आलेला नवा अधिकारी पंतांच्या ओसरीवरच बसला. त्यानं मनकर्णेला पुढं बोलावलं.

"घाटाची वाट बंद केली आहे का?"

सारा गाव तिच्या तोंडाकडे बघू लागला. 'व्हय' म्हटलं तर घर पडेल, हे तिला कळत होतं. पण वाट बंद होती म्हणायचं, तर इतकी वर्षं आपण आलोच नाही म्हणायचं.

"न्हाई," ती म्हणाली. "रोज येतो आमी. तुमी बसलात तिथूनच."

अधिकारी जरासा सरकला. वाट चालू असल्यानं तक्रारीत तथ्य नाही, असं त्यानं लिहिलं. पंतांनी पानाचं तबक पुढं केलं. मनकर्णा जागची हलली नाही.

"मग ते बी लिहा."

"काय?"

"वाट इथून हाय म्हणून."

अधिकाऱ्यानं थोडा विचार केला आणि तेही लिहिलं: घर पंतांचं, ओसरीतली वाट गावाची, ती कधी बंद करू नये.

गाव महिनाभर तिच्याशी बोललं नाही. लोकांना घर पडलेलं बघायचं होतं. ती चौकशीच्या दिवशी घाटावर धुणं न घेताच गेली आणि पाण्यात पाय सोडून पायरीवर बसली.

पंतांनी घर विकायला काढलं. गिऱ्हाइकं आली, ओसरीतून जाणाऱ्या घागरी बघून गेली. दिवाळीला रुख्मिणीबाईंनी ओसरीवर मोठी रांगोळी काढली, मधे गाढव जाईल एवढी जागा सोडून.