पहिली सही संघमित्राची

मेधाताईने लॅपटॉप उचलला आणि दारातल्या चपलांच्या रॅकवर नेऊन ठेवला.

दोन बोटांत कोपरा धरून. मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर टाकतात तसा.

दसरा होता. क्रेगीबर्न या परदेशातल्या आमच्या उपनगरात तिचं नवंकोरं घर. पुढच्या खोलीतल्या टेबलावर पैठणी अंथरलेली आणि पैठणीवर रांगेने सगळ्यांचे लॅपटॉप. आमच्या मराठी ग्रुपची ही पद्धत. शस्त्रं कुणाकडे नाहीत, पोट ज्याच्यावर चालतं त्याची पूजा. मिटलेल्या झाकणावर हळदकुंकू, एक फूल, मग आरती. आपटा इथे सापडत नाही, म्हणून सोनेरी कागदाची पानं कापून वाटायची. सहा वर्षं मी ती पानं कापायला आदल्या दिवशी जात होते. आम्ही बौद्ध. आमच्या घरात अशी पूजा होत नाही. पण हे मी तिथे कुणाला कधी सांगितलं नव्हतं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून कुणाला काही कळत नाही. त्या आडनावाच्या आडोशाला मी सहा वर्षं सुखाने बसले होते.

रॅकवर गेलेला लॅपटॉप शाळेचा होता. माझी मुलगी मित्रा, तेरा वर्षांची, ती जिथे शिकते त्या सरकारी शाळेचा. तीन बटणं गायब. बिजागरी चिकटपट्टीने बांधलेली. चार्जर काढला की दोन मिनिटांत मान टाकणारा. असा एक लॅपटॉप तिघांत मिळून. शाळेतलं नेट तर दोन वर्ग एकदम ऑनलाइन गेले की बसतंच.

नोव्हेंबरात राज्याची निवडणूक होती. आम्ही पालकांनी एक अर्ज तयार केला होता. मतदारांच्या सह्या घ्यायच्या आणि जो निवडून येईल त्याच्या हातात द्यायचा. मागणी साधी होती. सरकार कर्जरोखे काढून रस्ते बांधतं, बोगदे खणतं. तसेच सरकारी शाळांच्या कॉम्प्युटरसाठी आणि नेटसाठी काढावेत. मी एका हॉस्पिटलात कॉम्प्युटर दुरुस्त करते, नेटवर्क सांभाळते, म्हणून पालकांनी हे काम माझ्या गळ्यात घातलं. मला ते आवडलंही होतं.

मेधाताईच म्हणाली होती, "दसऱ्याला कागद घेऊन ये गं. ग्रुपमधले बरेच जण असतात, पटापट सह्या होतील." लोकांना दाखवायला म्हणून मी तो मोडका लॅपटॉप शाळेतून मागून घेतला. मित्राने घरात शिरल्याशिरल्या तो रांगेत ठेवून दिला. तिला वाटलं, सगळ्यांचे तिथे आहेत, आपलाही तिथेच. मी तिला थांबवलं नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं.

आरतीआधी मी दोन मिनिटं बोलले. मेधाताईचा नवरा श्रीकांत हातातली वाटी खाली न ठेवता म्हणाला, "म्हणजे कर्ज सरकार काढणार, फेडणार आम्ही, आणि लॅपटॉप तुमच्या पोरांना?"

लोक हसले.

"आम्ही नाही का प्रायव्हेट स्कूलची फी भरत? पोटाला चिमटा काढून भरतो." त्याच्या पाठीमागे, काचेपलीकडे, त्याचा स्विमिंग पूल निळाशार चमकत होता. चिमटा कुठे काढला होता ते काही दिसलं नाही.

तेवढ्यावर थांबलं असतं तर मीही हसून घेतलं असतं. पण मेधाताईने सहीसाठी कागद हातात घेतला. अर्जाचा मजकूर मित्राने वर्गात लिहिला होता, तो सगळ्यांना आवडला म्हणून तसाच ठेवला होता. त्यामुळे मुलांच्या वतीने पहिली सही तिची. पूर्ण नावाने.

"संघमित्रा? ही कोण?"

"दॅट्स मी, आंटी," मित्रा म्हणाली. "माय फुल नेम." केवढी खूश होती. कुणीतरी तिचं नाव वाचलं होतं.

मेधाताईने कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. सहा वर्षांची ओळख. माझ्या ऑपरेशनच्या वेळी हिने आठ दिवस डबा पाठवला होता. हिची इरा आणि माझी मित्रा एकाच ताटात जेवून मोठ्या झाल्या होत्या. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिच्या घरात खोट्या किल्लीने शिरले होते.

"तरीच," ती म्हणाली. "तरीच म्हटलं, सारखं सरकार, सरकार. तुमच्यात सवयच असते ना ती."

पेन कागदावर तसंच आडवं ठेवलं. टेबलापाशी गेली. रांगेतला आमचा लॅपटॉप काढला.

"पूजेत नको गं हा. शाळेतला. कुणाकुणाचे हात लागलेले."

आणि तो चपलांच्या रॅकवर गेला. खोलीत वीस-बावीस माणसं होती. सगळी शिकलेली. एकाएकी सगळ्यांना आपापल्या फोनमध्ये काम निघालं.

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "हो हो. ठेव ना तिकडे. चालेल."

वर हसलेसुद्धा.

चपलांचं आणि माझं नातं जुनं आहे. मी सातवीत होते तेव्हा आमच्या तालुक्याच्या शाळेत पाच कॉम्प्युटर आले. त्यांना फुलाफुलांच्या कापडी खोळी. खोलीला पडदे. धूळ मशिनीत जाते म्हणून चपला बाहेर काढायच्या. बाहेरून चपला चोरीला जायच्या. म्हणून सर मला म्हणाले, "तू बस बाहेर, चपला सांभाळ. तुझी पाळी पुढच्या आठवड्यात." पुढचा आठवडा वर्षभर आला नाही. सरांनी माझी जात कधी तोंडातून काढली नाही. गरजच पडली नाही. खंडेनवमीला त्यांनी पाचही कॉम्प्युटरला कुंकू लावलं, पोरांच्या हातावर पेढा ठेवला. माझ्या ओंजळीत वरून टाकला. मी तो खाल्ला. गोडच होता.

मी घरी सांगितलं. माझा बाप हमाल. धान्याच्या अडतीवर पोती वाहायचा. तो दुपारची पाळी बुडवून शाळेत आला. सर खोलीच्या दारात उभे राहिले, म्हणाले, "अहो, नाजूक मशीन आहे. बिघडलं तर तुम्ही भरून देणार का?"

बाप म्हणाला, "चालंल साहेब. बसू द्या भायेरच."

आत त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तरी त्याने चपला काढल्या होत्या. तापलेल्या फरशीवर तो अनवाणी उभा होता आणि त्याच्या चपलासुद्धा मीच सांभाळत होते. त्या दिवशी मला सरांचा राग आला नाही. बापाचा आला. "चालंल" म्हणाला म्हणून. पुढे बरीच वर्षं मी त्याच्याशी नीट बोलले नाही. तो गेला तेव्हाही मनात ती अढी होतीच.

आणि तीस वर्षांनी, सात समुद्र ओलांडून, पासपोर्ट बदलून, त्याचाच शब्द माझ्या तोंडून बाहेर आला. त्याचा नाइलाज होता. त्याच्यामागे पोतं होतं आणि आम्ही चार पोरं होतो. माझ्यामागे काय होतं? दसऱ्याचं जेवण?

रॅकवरून लॅपटॉप मित्राने उचलला. ओढणी नव्हती म्हणून फ्रॉकच्या घेराने पुसला. जेवायला आम्ही थांबलो नाही. गाडीत बसल्यावर तिने तो मांडीवर घेतला. मग म्हणाली, "मम्मा, व्हाय डिड यू से चालेल?"

मेधाताईने असं का केलं, हे तिने विचारलंच नाही. मी असं का म्हणाले, ते विचारलं. पोरं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवतात.

मी गाडी बाजूला घेतली आणि तिला सगळं सांगितलं. पाच कॉम्प्युटर, चपला, पेढा, आजोबा. पहिल्यांदाच. शेवटी ती म्हणाली, "सो, इज दॅट व्हाय यू कॉल मी मित्रा?"

मला वाटत होतं मी लाडाने हाक मारते. पण शाळेच्या कागदांवर पूर्ण नाव आणि लोकांत मित्रा, हे मीच ठरवलं होतं. बाजारात, वाढदिवसाला, ग्रुपमध्ये, मित्रा. माझ्या आईने मोठ्या हौसेने ठेवलेल्या नावाचा अर्धा भाग मी तेरा वर्षं लपवून ठेवला होता, माझ्याच पोरीला कळू न देता. मेधाताईने लॅपटॉप रॅकवर ठेवला तो आज. मी तिचं अर्धं नाव तिथे ठेवलं ते कधीचं.

"हो," मी म्हणाले.

"बट आय लाइक माय नेम," ती म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण तिने तोंड खिडकीकडे वळवलं होतं.

नवरा डार्विनला गॅसच्या कंपनीत आहे, महिना-महिना तिकडेच असतो. फोनवर म्हणाला, "जाऊ दे गं. सह्यांशी मतलब. वाद घालून काय मिळणार?" त्याचंही चुकलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची आम्हाला दोघांनाही सवय. तो अजून दाबून आहे, एवढंच.

मतदानाचं केंद्र आमच्याच शाळेच्या जिममध्ये होतं. इथे मत द्यावंच लागतं, नाही तर दंड. त्यामुळे ज्यांची पोरं सरकारी शाळेची पायरी चढत नाहीत त्यांनाही त्या दिवशी रांग तिथेच लावावी लागते. बाहेर पालक शाळेच्या निधीसाठी सॉसेज आणि कांदा भाजून विकत होते. मी आणि मित्रा फाटकाबाहेर टेबल टाकून बसलो. टेबलावर अर्ज आणि तो मोडका लॅपटॉप. लोक येत होते, त्याची निघालेली बटणं बघत होते, कुणी सही करत होतं, कुणी "सॉरी, मेट" म्हणून पुढे सरकत होतं. रोज सकाळी शाळेसमोर रस्ता ओलांडून देणारे म्हातारे काका आपल्या बायकोला हाताला धरून घेऊन आले, दोघांनी सही केली. "अबाउट टाइम," ते म्हणाले.

दहाच्या सुमाराला मेधाताई आली. श्रीकांत रांगेत राहिला. ती टेबलापाशी वाकली आणि अगदी प्रेमाने, हळू आवाजात बोलायला लागली.

"अगं, त्या दिवशीचं मनाला लावून घेऊ नकोस. घाईगडबडीत बोलून गेले. हे बघ, ग्रुपमधली सगळी सही करतील. मी श्रीकांतलाही सांगितलंय. साठ कुटुंबं आहेत, विचार कर. फक्त कागद नवा कर. वरचं ते पहिलं नाव तेवढं नको. मुलांचं नावच कशाला? माझं टाक हवं तर. लोकांना उगाच ते... आंदोलनासारखं वाटतं."

साठ कुटुंबं. म्हणजे सव्वाशे सह्या सहज. तोवर आमच्याकडे त्याच्या निम्म्यासुद्धा नव्हत्या. मला डोळ्यासमोर वर्ग दिसले. नवे लॅपटॉप दिसले. नवरा दिसला, "सह्यांशी मतलब" म्हणणारा. माझी जीभ "चा"पर्यंत आलीच होती, खरं सांगते.

मित्रा माझ्याकडे बघत होती. आणि मला तापल्या फरशीवरचे बापाचे पाय आठवले.

"चालणार नाही," मी म्हणाले.

"अगं पण तुझंच नुकसान आहे."

"आहे."

"आणि शाळेतल्या पोरांचं?"

"त्यांचंही आहे. ते तुम्ही करताय. मी नाही. आणि मेधाताई, आम्ही बौद्ध. तुला तेव्हा विचारायचं होतं ना? मग सरळ विचारायचं."

तिचा चेहरा पडला. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. नाही वाटलं. तिचा आठ दिवसांचा डबा मला आठवत होता. मेथीची भाजी ती फार चांगली करते. ती वळली, श्रीकांतच्या बाजूला जाऊन उभी राहिली. ग्रुपमधले बाकीचे येत गेले, टेबलाला वळसा घालून जात राहिले. एकानेही सही केली नाही.

अर्ज आम्ही दिला. निवडून आलेल्याच्या ऑफिसातून उत्तर आलं, नोंद घेतली आहे. शाळेत तोच लॅपटॉप आहे, तिघांत एक. मराठी ग्रुपमधून मला कुणी काढलं नाही. त्यांनी फक्त नवा ग्रुप केला. इराचा मेसेज येणं थांबलं. पहिले काही दिवस माझी पोर फोन उलटा-सुलटा करून बघायची. आता बघत नाही, आणि ते मला जास्त लागतं. तिला मी काय समजावू? समजावण्यासारखं काही नाही.

शाळेत मला खोलीत घेतलं नाही तेव्हा मी खिडकीतून, पडद्याच्या फटीतून बघून कॉम्प्युटर शिकले. त्याचा मला फार अभिमान होता. आता नाही. कुठल्याही पोराने खिडकीतून बघून शिकू नये. म्हणून मी पुन्हा मागणार आहे. हात पसरून नाही, कर भरणारी, मत देणारी बाई मागते तसं. हात लागलेले असतील तर असू देत. सगळ्यांचे लागावेत म्हणूनच ती सरकारी शाळा आहे.

पुढच्या निवडणुकीला त्याच फाटकाबाहेर तेच टेबल असेल. घरीदारी मी तिला पूर्ण नावाने हाक मारते. सुरुवातीला जीभ अडखळायची, आता नाही. कागद नवा असेल, पहिली सही संघमित्राचीच असेल. ज्याला करायची असेल, त्याने तिच्या खाली करावी.