मामीची तांबडी आणि दौंडचा स्क्रू

शिरूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा माझी नवी पांढरी पँट धुळीनं भगवी झाली होती. सत्तरच्या दशकातली गोष्ट. बेलबॉटमची साथ तेव्हा नुकती तालुक्यापर्यंत पोचली होती. मी पुण्याहून दरवर्षी जत्रेला जायचो. देवाचं नाव सांगायचो, पण खरी ओढ मामीच्या हातच्या जेवणाची.

मामा जत्रेत फुग्यांचा फळा लावायचे. छर्ऱ्याच्या बंदुकीनं पाचच्या पाच फुगे फोडले की बक्षीस. कंगवा, आरसा नाहीतर शिट्टी. बंदूक आजोबांनी मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतलेली. विलायती, मामांपेक्षा वयानं मोठी आणि तितकीच हेकट.

घरात पाऊल टाकलं तर चहाऐवजी भांडण वाढून ठेवलेलं. मामा अंगणात बंदूक पुसत होते. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता नळीला धरून ठेवणारा हरभऱ्याएवढा स्क्रू निघाला, घरंगळला आणि गायब झाला. मामांचा संशय तांबडीवर. तांबडी म्हणजे मामीची रोज अंडं देणारी कोंबडी.

"तिनंच गिळलाय," मामा म्हणाले. "उद्या संध्याकाळी फळा लावायचाय. कापतो आन् काढतो भाईर."

मामी डालग्यावर (कोंबडी झाकायच्या टोपलीवर) ठाण मांडून बसली होती. कोंबडीला हात लावलात तर जत्रा संपेपर्यंत चूल पेटणार नाही, असं तिनं बजावलं. शेवटी तह झाला. उद्या दिवस कलायच्या आत मी दुसरा स्क्रू आणायचा, नाहीतर तांबडीचा रस्सा. मला कुणी विचारलं नाही हे वेगळं सांगायला नको.

त्या संध्याकाळी सायकलवाला, घड्याळजी, शिलाई मशीनवाला, सगळे पालथे घातले. प्रत्येकानं आधी दोन्ही तुकडे हातानं जुळवून बंदूक खांद्याला लावली, एक डोळा मिटून कुणाला तरी टिपलं आणि मगच आटे जुळत नाहीत म्हणून सांगितलं. विलायती आटे कापावेत तर दौंडच्या बाबूभाई मिस्त्रीनंच, यावर सगळ्यांचं एकमत.

सकाळी दौंडची एस.टी. धरली. दोन तुकड्यांतली बंदूक मामीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. बंदूक भरलेली असेल, अशी कंडक्टरला शंका आली. त्यानं नळी खिडकीबाहेर धरायला लावली. मग काय, गाडी थांबली की थांब्यावरची माणसं चार पावलं मागं. कुणी चढेना. गाडी रिकामी धावतेय म्हणून कंडक्टर पुन्हा माझ्यावरच डाफरला. न्हावऱ्याला गरमागरम भजी खाल्ली तेव्हा कुठं जिवात जीव आला.

पाटसजवळ कारखान्याच्या उसाच्या बैलगाड्यांमागं आमची गाडी अडकली. शिरूरपासून बसलेले चार-दोन लोक निवांत उतरले आणि गाड्यांतले ऊस उपसून खाऊ लागले. मीही एक ओढला, दातांनी सोलायला गेलो आणि ओठ कापून घेतला. डोळ्यांसमोर एकसारखी तांबडी येत होती.

बाबूभाई रेल्वेतून निवृत्त झालेले. स्टेशनामागं त्यांचं लेथ मशीन. बंदूक पाहून ते हसले. "इंजनं खोलून जोडलीत आम्ही. ही तर पिचकारी हाय." मग चहा झाला, पुन्हा चहा झाला, इंजिनांच्या कथा झाल्या. माझा जीव टांगणीला. अखेर त्यांनी स्क्रू कातला, खाली चामड्याची चकती घातली आणि असा आवळला की दस्ता नळीला जन्माचा चिकटला. समोरच्या पत्र्याच्या डब्यावर बार काढून म्हणाले, "घ्या. आता हिची गोळी चुकायची न्हाई."

परत पोचलो तेव्हा मामा सुरीला धार लावत होते. मामीनं आधी तांबडीला दाणे टाकले, मग मला भाकरी वाढली. मला राग आला नाही.

संध्याकाळी फळा लागला. पहिल्याच गिऱ्हाइकानं पाचच्या पाच फोडले. दुसऱ्यानंही. मग रांगच लागली. तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. जुना स्क्रू झिजलेला, म्हणून दस्ता हलायचा, म्हणून नेम चुकायचा, आणि म्हणूनच मामांचा धंदा इतकी वर्षं चालला होता. दिवे लागायच्या आत कंगवे संपले, आरसे संपले, शिट्ट्या गावभर वाजू लागल्या.

त्यात पाटसच्या कारखान्यातला एक बेलबॉटमवाला आला. त्यानंही पाच फोडले आणि हात पुढं केला. बक्षीस घेतल्याबिगर हलणार न्हाई म्हणाला. गर्दी त्याच्याच बाजूची. मामांची अब्रू पणाला. ते तडक घरी गेले आणि बक्षीस म्हणून तांबडीलाच पाय धरून घेऊन आले.

मागोमाग मामी आली, पिठाच्या हातांनी. तिनं आरडाओरडा केला नाही. बंदूक उचलली.

"पाव्हणं, कोंबडी माझी हाय. मी बी पाच फोडते. फोडले तर माझी मला द्या."

पोरगा दिलदार निघाला, हो म्हणाला. लग्न झाल्यापासून मामांनी तिला या बंदुकीला हात लावू दिला नव्हता. पहिला फुगा फुटला तेव्हा मामी स्वतःच दचकली. मग पदर खोचून तिनं उरलेले चार एका दमात उडवले. कुस्तीच्या फडातली माणसं काय झालं ते बघायला धावत आली. पोरानं तांबडी दोन्ही हातांनी मामीच्या हवाली केली, आणि मामीनं त्याला जेवायला घरी बोलावलं. अंड्याचा रस्सा करते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी धरली. लोक विचारतात, शिरूरला पाहण्यासारखं काय आहे. मी सांगतो, घोड नदी आहे, बाजार आहे. जे खरं पाहिलं ते सांगून कुणाला पटायचं नाही. भर जत्रेतून तांबडीला काखेत घेऊन मामी मान ताठ करून चालली होती, आणि बंदूक सांभाळत मामा तिच्या मागून, तिनं वाट करून दिलेल्या गर्दीतून, गुपचूप घरी चालले होते.