हिरामणचा हुंदका

शालिकरामच्या सायकल दुकानात मोतीराम सोमकुंवर पंक्चर काढायला थांबला होता आणि त्याच्यासमोरच त्याच्याविषयी वाद चालला होता. तो तिथे उभा आहे याची कोणालाही अडचण वाटत नव्हती.

"हिरामणभाऊच्या जागी मोतीराम? काय गोष्टी करता गुरुजी!" शालिकराम ट्यूब पाण्यात बुडवत म्हणाला. "हा कोरसातला माणूस. मागच्याले उचलून समोर बसवलं म्हणजे तो समोरचा होते का?"

"सारी गाणी त्याले पाठ आहेत," तुळशीराम गुरुजी म्हणाले. "अर्धी त्यानंच लिहिली."

"लिहिली असतीन. संत्रा खाताना झाड कोणं लावलं हे पुसता का तुम्ही?"

"मंग सावनेरचा तो पोट्टा आणू?"

"तो नाकातून गाते. अन् सिनेमाच्या चालीवर."

"हिरामणचा पुतण्या?"

"त्याची पहिले दारू सोडवा, मंग बोला."

"मंग गायन पार्टी बंद करा लेकहो, अन् टेप ऐकत बसा."

"तेच तर म्हणून राहिलो मी," शालिकराम म्हणाला. "टेप आहे ना आपल्यापाशी." मग त्याने मान वर केली. "मोतीरामभाऊ, तुम्हीच सांगा. हिरामणभाऊसारखं जमंन तुम्हाले?"

"नाही जमणार," मोतीराम म्हणाला.

"पाहा! तो सोता म्हणून राहिला."

पाण्यात बुडबुडे आले. शालिकरामने तिथे बोट ठेवले आणि ट्यूब पुसायला घेतली.

हे त्र्याऐंशीच्या पावसाळ्यानंतरचे. हिरामण पांढुर्ण्याचा. त्याच्या आवाजाने सौंसरपासून छिंदवाड्यापर्यंतच्या बौद्ध वस्त्यांचे एप्रिल आणि मे भरून जायचे. जयंती चौदा एप्रिलची असली तरी आमच्याकडे ती दोन महिने चालते. आज या गावची, उद्या त्या गावची, कारण गायन पार्टी एक आणि गावे चाळीस. त्या वर्षी हिरामणच्या घशात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी ती काढली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. आता तो कुजबुजल्यासारखे बोलायचा. ऐकायला त्याच्या तोंडाजवळ कान न्यावा लागे.

पार्टीतल्या लोकांनी शेवटी मोतीरामलाच समोर बसवले. अकरा वर्षे तो हिरामणच्या मागे, ढोलकवाल्याच्या डावीकडे बसत आला होता. नोकरीने तो सौंसरच्या तहसीलमध्ये चपराशी. बाहेर व्हरांड्यात उभे राहून पक्षकारांची नावे पुकारायची, "फलाना वल्द फलाना, हाजिर हो!" ओरडून ओरडून त्याच्या आवाजाला धार आली होती, पण गोडवा नव्हता. त्याला ते ठाऊक होते. हिरामणच्या गळ्यात जे होते ते आपल्या गळ्यात नाही, याचे त्याला फारसे दुःखही नव्हते. दुःख होते ते एका ओळीचे.

ते गाणे मोतीरामने लिहिले होते. छप्पन साली तो सात वर्षांचा असताना आईबाप दीक्षेसाठी सौंसरहून पायी नागपूरला निघाले, त्याचे गाणे. वस्तीतली दहा-बारा माणसे होती. भाकरी बांधून घेतलेल्या, बायकांनी पांढरी लुगडी कुठून कुठून मिळवलेली. मोतीरामची धाकटी बहीण गिरजा अडीच वर्षांची होती आणि निघतानाच तिच्या अंगात ताप होता. सावनेरच्या अलीकडे, एका कपाशीच्या वावराजवळ, आईच्या कडेवरच ती गेली. मागे फिरावे की पुढे जावे यावर मोठी माणसे थोडे बोलली. मग बापाने आणि आणखी एकाने बांधाच्या कडेला खड्डा खणला. अंधार पडायच्या आत सगळे पुन्हा चालू लागले. त्या दिवसानंतर घरात गिरजाचे नाव कोणी काढले नाही. तिचा फोटो नव्हता, जन्माचा दाखला नव्हता, कपडेही उरले नव्हते. गाण्यातल्या एका ओळीत तेवढी ती होती:

माय निघाली, बाप निघाला, मी बापाच्या खांद्यावर,
गिरजा राहिली वाटेमंधी लोकाइच्या बांधावर.

आम्ही बांधाला धुरा म्हणतो, पण खांद्याला बांध जुळतो म्हणून त्याने बांध घेतला होता. ही जोडी सापडायला त्याला चार महिने लागले होते.

एक्याऐंशीच्या जयंतीत, सौंसरच्या मैदानावर, हिरामण हे गाणे पहिल्यांदाच लोकांसमोर म्हणत होता. पहिली ओळ झाली. दुसरी त्याला आठवेना. त्याने डोळे मिटले, "हं... हं हं हं..." असे सुरात काढले आणि उजवा हात छातीवर नेला. मागे बसलेल्या मोतीरामला तो हात कुठे चालला आहे हे नीट दिसत होते. हिरामण सदऱ्याच्या खिशात चिठ्ठी शोधत होता. चिठ्ठी दुसऱ्या सदऱ्यात राहिली होती. पण समोरच्या लोकांना दिसला तो काळजावर हात ठेवलेला, डोळे मिटलेला, पुढे शब्द न फुटणारा माणूस. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आणि नेमका त्याच दिवशी शालिकरामने मेहुण्याचा टेपरेकॉर्डर आणून पेटीजवळ ठेवला होता.

त्या टेपवरून टेपा झाल्या, त्यांवरून आणखी. लग्नात, नामकरणात, बसमध्ये ते गाणे वाजू लागले. लोक त्या जागेला हिरामणचा हुंदका म्हणू लागले. "शब्दच नाही ना गा तिथं," शालिकराम गिऱ्हाइकांना सांगायचा, "शब्दानं जे सांगता येत नाही ते त्यानं गळ्यानं सांगितलं." हिरामणने कोणाचा गैरसमज दूर केला नाही. पुढच्या कार्यक्रमापासून तो तिथे हुंदकाच देऊ लागला, हात छातीवर नेऊन. मोतीराम मागे बसून टाळ्या वाजवत राहिला. एकदा बसस्टँडवर तो हिरामणला म्हणाला, "भाऊ, ती ओळ." हिरामण म्हणाला, "पाहू ना, पुढच्या वर्षी." मग गाठ निघाली.

आपण समोर बसलो की ओळ परत येईल, असे मोतीरामला वाटले होते. चौऱ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये, पहिल्याच कार्यक्रमात, त्याने ती म्हटली. 'गिरजा' हा शब्द तोंडातून निघाला आणि समोरून आवाज आला, "चुकला! चुकला!" लोक हसले नाहीत, चिडलेही नाहीत. मुलाला पाढ्यात मदत करावी तसे त्यांनी त्याला सावरले. तीन-चारशे माणसे एका सुरात गाऊ लागली, "हं... हं हं हं..." कित्येकांचे हात छातीवर होते. मोतीरामने दोनदा ओळ म्हणून पाहिली. पेटीवाला मधुकर त्याच्याकडे झुकून म्हणाला, "भाऊ, जसं आहे तसं जाऊ द्या ना." मोतीरामने डोळे मिटले आणि हुंकार भरला. टाळ्या पडल्या.

"आता जमून राहिलं," कार्यक्रमानंतर शालिकराम त्याला म्हणाला. तो मनापासून बोलत होता.

दोन वर्षे मोतीराम हुंदका देत राहिला. तुळशीराम गुरुजींना त्याने सगळी हकीकत सांगितली होती. गुरुजींनी ती दुकानात सांगून पाहिली, पण शालिकराम म्हणाला, "मोतीराम जळते त्याच्यावर, दुसरं काय." मोतीरामने पुन्हा तो विषय काढला नाही. कधीकधी त्याला वाटे, शालिकराम म्हणतो तेच खरे असेल. ओळ सामान्य असेल. खांद्यावर, बांधावर. त्यापेक्षा ते हं हं हं मोठे असेल. मग त्याला त्या हुंकारात खड्डा दिसायचा, आणि त्यात कोण आहे हे न जाणता त्याच्या भोवती माणसे डोलताना दिसायची.

शहाऐंशीच्या मेमध्ये त्याच्या स्वतःच्या मोहल्ल्यातली जयंती होती, दुपारी चारची. आठ दिवस आधी त्याची आई पंचफुला जेवताना थांबली. तिला आता जवळजवळ दिसत नव्हते, आणि गर्दीचा त्रास होतो म्हणून ती कार्यक्रमांना कधी गेली नव्हती.

"मोती, छाया म्हणून राहिली होती, आपण पायी गेलो होतो त्याचं तू गाणं बांधलं."

मोतीरामने बायकोकडे पाहिले. छाया चुलीकडे वळली.

"हो, माय."

"त्यात गिरजीचं नाव घेतलं का तू?"

तीस वर्षांत ते नाव तिच्या तोंडून पहिल्यांदा आले होते.

"घेतलं."

"मंग मले नेजो," ती म्हणाली. "ऐकतो मी."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मोतीराम पांढुर्ण्याची बस धरून गेला. हिरामण अंगणात बाजेवर बसला होता. गळ्याला उन्हाळ्यातही गमछा गुंडाळलेला. त्याच्या बायकोने, शकुंतलेने, चहा आणून ठेवला. मोतीरामने सगळे सांगितले. शेवटी म्हणाला, "भाऊ, तुम्ही नुसते उभे राहा अन् मान हलवा. बाकी मी सांगतो लोकायले. माही माय बसणार आहे समोर."

हिरामणने त्याला जवळ बोलावले. मोतीरामने कान नेला.

"माहीत आहे मले," हिरामण कुजबुजला. "खिशात चिठ्ठी नव्हती."

"हो."

"येतो मी. सांगतो."

निघताना शकुंतला दारापर्यंत आली. "काल कोंढाळीचे लोक आले होते जी," ती म्हणाली. "पाया पडून गेले यांच्या. टेप लावली अन् हुंदक्याच्या जागी यांचा हात पुन्हा छातीवर ठेवून पाहिला त्यायनं. मले तर हसूच आलं." ती हसली नाही.

जयंतीच्या दिवशी मोहल्ल्यात निळे तोरण होते. मंडप लहान, उकाडा फार. छायाने सासूला धरून आणले आणि बायकांमध्ये, मधल्या रांगेत बसवले, कारण पुढच्या रांगा आधीच भरल्या होत्या. हिरामणला लोकांनी पहिल्या रांगेत खुर्ची दिली. त्याच्या गळ्यात हार होता. शालिकराम त्याच्या शेजारी, टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन.

चौथे गाणे ते होते. पहिली ओळ मोतीरामने नीट म्हटली. मग थांबला आणि मधुकरला पेटी बंद करायला लावली.

"माझ्या भावांनो, बहिणींनो," तो म्हणाला, "या जागी एक ओळ आहे. माझ्या बहिणीची आहे. त्या दिवशी ती राहून गेली. आज मी म्हणतो, तुम्ही ऐका."

"काहून बदलून राहिला गा?" मागून कोणी ओरडले.

"हुंदका द्या, हुंदका!"

"तुमचं राहू द्या मोतीरामभाऊ," शालिकराम उठून म्हणाला. "वाद काहून पाहिजे? भाऊ इथंच बसले आहेत. पुसून घेऊ त्यायले." तो हिरामणकडे वळला आणि दोन्ही हात जोडले. "भाऊ, तुम्ही सांगा. तिथं काय आहे?"

चारशे तोंडे हिरामणकडे वळली. तीन वर्षांत त्याच्याकडे इतक्या लोकांनी एकाच वेळी पाहिले नव्हते. तो खुर्चीतून उठला. मोतीरामकडे त्याने पाहिले, नीट पाहिले, आणि ओठ हलवले. काहीच ऐकू आले नाही. मग त्याचा उजवा हात हळूहळू वर आला आणि छातीवर थांबला. त्याने डोळे मिटले.

मंडप फुटल्यासारखा आवाज झाला. लोक उभे राहिले. कोणीतरी सूर धरला आणि सगळ्यांनी उचलला. ढोलकवाल्याचे हात आपोआप चालू झाले. मोतीरामने त्या आवाजात ओळ म्हटली. गिरजा राहिली वाटेमंधी, असे त्याने पुरे म्हटले, घसा ताणून, व्हरांड्यात पुकारतो तसे. ते त्याचे त्यालाही ऐकू आले नाही. दुसऱ्या फेरीला तो लोकांबरोबर हुंकारला. नाही तर गाणे पुढे सरकले नसते.

कार्यक्रम संपल्यावर लोक हिरामणच्या पायाशी गर्दी करून होते. त्या गर्दीतून हिरामणने मोतीरामकडे हात लांब केला. मोतीराम पेटीचे कापड बांधत होता. त्याने ते दोनदा बांधले आणि दुसऱ्या बाजूने मंडपाबाहेर निघाला.

आईला त्याने स्वतः धरून घरी आणले. गल्लीत ऊन उतरले होते. पंचफुला एक हात त्याच्या खांद्यावर ठेवून, पाय चाचपत चालत होती.

"लय लोक होते," ती म्हणाली.

"हो, माय."

"आपण चाललो ते आलं. तुह्या बापाचं आलं. तू खांद्यावर होता ते आलं." ती थांबली. "नाव नाही आलं."

मोतीरामने तिच्याकडे पाहिले नाही.

"आलं ना, माय. घेतलं मी. लोक ओरडून राहिले होते, त्यात ऐकू नाही आलं तुले."

मग तिने मान हलवली.

"असंन. दूर बसवलं होतं छायानं." ती पुन्हा चालू लागली. "पुढच्या वर्षी समोर बसवजो मले. तुह्या अगदी जवळ."

"बसवतो," मोतीराम म्हणाला.