चादरीखालचा टीव्ही

भाऊ मंगळवारी गेला. नांदेडला, मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, त्याच्या आडतीच्या दुकानात, दुपारी. मी तेव्हा लातूरला कॉलेजात वर्गावर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बसवून माती दिली; आमच्यात तशीच देतात. घरी परतल्यावर कुणीतरी टीव्हीवर पांढरी चादर टाकली. त्या टीव्हीखालीच भावाचं व्हिडिओ गेमचं यंत्र होतं, तेही चादरीखाली गेलं.

रविवारी त्याचं आडतीचं दुकान बंद असे. दुपारी तो नांदेडहून आणि मी लातूरहून, माझ्या लॅपटॉपवर, एकच खेळ खेळत असू. आम्ही दोघं एका बाजूला, समोर जगातले कुठलेही दोघं. खेळ फुकट होता. कार्टूनमधली, सिनेमांतली, मालिकांतली माणसं नि जनावरं हवेत तरंगणाऱ्या एका कट्ट्यावर जमून मारामारी करायची. मार खाऊन कुणी मरत नसे. मार जितका साचेल तितका पुढचा फटका लांब उडवी, आणि कट्ट्याबाहेर फेकला गेलेला थोड्या वेळानं पुन्हा वरून उतरे.

मी साहित्य शिकवते. मला ते पहिल्या दिवशी पटलं नाही.

"कोण कुठल्या गोष्टीतला, काही मेळ आहे का याला?" मी विचारलं.

हेडफोनमधून त्याचं हसू ऐकू आलं. "ताई, मोंढ्यात येऊन बघ एकदा. धर्माबादचा तेलुगूत भांडतो, देगलूरचा कानडीत. मेळ लागतोच की. तू उडी मार आधी, खाली चाललीस."

मी नेहमीच खाली जात असे. खेळात त्याचा एक टोपीवाला कुत्रा होता. तो कट्ट्याच्या कडेपलीकडे झेप घेऊन मला वर ढकलायचा आणि पुष्कळदा स्वतः पडायचा.

"लई शिकलीस," तो म्हणायचा, "पण एक उडी येईना तुला."

मग कंपनीनं खेळ बंद करायचं जाहीर केलं. त्यात एक सवलत होती. ठरलेल्या तारखेच्या आत ज्यानं आपल्या यंत्रावर, आपल्या नावानं, नवा भाग डाउनलोड करून खेळ एकदा उघडला, त्याच्याकडे तो राहणार होता, इंटरनेटशिवाय खेळण्यापुरता. मी माझ्याकडचं लगेच उरकलं. त्याला दर रविवारी आठवण करत होते. "करतो गं. हळदीचा सीझन हाय, बसायला टाइम न्हाई," एवढंच उत्तर.

आता मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला होता आणि घरात दुखवटा होता. सकाळी भावजय माझ्याजवळ येऊन बसली.

"ताई, ते उघडायचं राहिलं ना त्यांचं? आज नाही उघडलं तर त्यांचा कुत्रा, त्यांचं नाव, सगळंच जाईल."

मी मान हलवली. दोघींनीही टीव्हीकडे पाहिलं. उदगीरची आत्या, वडिलांची थोरली बहीण, भिंतीला टेकून बसली होती. तिनं ऐकलं होतं.

"सुतकाच्या घरात टीव्ही लावता? भेटायला आलेली माणसं काय म्हणतील गं?"

भावजय उठू लागली. मीही. वाद घालण्याइतकं बळ त्या दिवसांत कुणातच नव्हतं.

वडील खुर्चीवर होते. त्यांनी सदऱ्याच्या आत गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला, तशी त्यांची सवयच आहे.

"आक्का, आपल्यात सुतक कुठं असतं?" ते म्हणाले. "शेजारपाजारचं बघून पाळायला लागलो आपण."

"म्हणून काय गेम खेळायचा?"

"खेळायचा न्हाई. उघडायचाय."

ते उठले, चादर काढली, नीट घडी करून आत्याच्या मांडीवर ठेवली. आत्या पुटपुटली, पण घडी तिनं धरून ठेवली.

भावजयीनं मोबाइलचं इंटरनेट यंत्राला जोडलं. मी आवाज बंद केला. पडद्यावर एक निळी पट्टी सरकू लागली, बैलगाडीच्या चालीनं. अशातच धर्माबादचे एक व्यापारी भेटायला आले. सतरंजीवर बसले ते नेमके टीव्हीसमोर. थोडा वेळ वडिलांचा हात हातात धरून राहिले. मग त्यांची नजर पट्टीवर गेली.

"हे काय लावलंय, मालक?"

"पोराचं एक काम राहिलं होतं," वडील म्हणाले. "ते करून राहिल्यात दोघी."

व्यापाऱ्यांनी पुन्हा पट्टीकडे पाहिलं. "होऊ द्या मग. बसतो मी."

ते खरंच बसले. चहा झाला. कूलरमधलं पाणी संपलं, कुणी भरलं नाही. उन्हं उतरू लागली तेव्हा पट्टी भरली आणि पडद्यावर भावाचं नाव आलं. खाली टोपीवाला कुत्रा उभा होता, श्वास घेतल्यासारखा जागच्या जागी हलत. भावजयीनं पदर तोंडाला लावला. आत्यानं विचारलं, "हाच का तो?" व्यापारी उठले, नमस्कार करून गेले.

दुसऱ्या दिवशी इंटरनेटवरचा खेळ जगभर बंद झाला.

आता लातूरहून नांदेडशी खेळता येत नाही. खेळायचं तर एका खोलीत बसावं लागतं. कधी रविवारी मी एसटीनं जाते. प्रवासानं अंग दुखतं. भावजय कुत्रा घेते. ती मला वर ढकलायला येते आणि दोघी पडतो. वडील शेजारी पेपर वाचतात. टीव्ही आहे, यंत्र आहे, खेळ त्याच्या नावानं उघडतो. समोर आता यंत्रच खेळतं; आम्ही बहुतेक वेळा हरतो.