नवी पँट जुनी करणारा मामा

नवी पँट जुनी करणं हा माझ्या मामाचा धंदा होता. धंदा म्हणजे नोकरीच. उल्हासनगरच्या कॅम्पात गल्लोगल्ली जीन्स शिवणारे कारखाने, आणि तो कोरा करकरीत माल धुऊन, घासून, विटवून द्यायला वॉशिंगचे कारखाने वेगळे. अशाच एका वॉशिंगमध्ये मामा सतरा-अठरा वर्षं होता. कोरी पँट फळीवर ताणून बसवायची, हातात पॉलिश पेपर घ्यायचा आणि मांडीवर, गुडघ्यावर घासत सुटायचं. ती दहा वर्षं कोणीतरी वापरलीय असं वाटेपर्यंत. मग त्यावर जांभळ्या केमिकलचा फवारा. "लोकांना जुनं पाहिजे, पण दुसऱ्याने वापरलेलं नको," मामा म्हणायचा. "मग त्यांच्या वतीने आम्ही झिजतो."

त्याचे हात कोपरापर्यंत निळे होते. साबण, रॉकेल, लिंबाची साल, सगळं करून झालं होतं. अंबरनाथला त्याच्या चाळीत त्याला निळा मामा म्हणूनच ओळखत. चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे सगळे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत विहारात जायचे, तेव्हा मामाच्या शर्टाची बटणं मामी लावून द्यायची, कारण घाम आला की त्याची बोटं रंग सोडायची. वंदनेला तो सगळ्यात मागे, भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. एकदा एका बाईंनी त्याच्याकडे बघून आपला पदर आवरून घेतला. मामाने वंदना संपेपर्यंत कळ काढली आणि मग मोठ्याने म्हणाला, "घाबरू नका ताई, एवढं धुऊन माझा रंग नाही गेला, तुमच्यावर कशाला येतोय!" बाई ओशाळल्या. मामी घरी येईपर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

म्हणजे तो काही गोड माणूस नव्हता. त्याला घरी बोलवायचं म्हणजे जिवावर यायचं. कोणी नवीन वस्तू दाखवली आणि केवढ्याला स्वस्तात मिळाली ते कौतुकाने सांगितलं, की हा तोंड वाकडं करून विचारायचा, "मग बाकीचे कोणी भरले?" शेजारणीने सेलमधून डिनर सेट आणला, तेव्हा हेच. मामीने एकीवर एक फुकट बादली आणली, तेव्हाही हेच. "अगं, एक बादली बनवायला जेवढं लागतं तेवढं लागतंच ना? तू नाही दिलंस, दुकानदार तर खिशातून घालणार नाही. मग कोणाच्या तरी अंगातनं काढलंच ना?" मामी म्हणायची, "आता बादलीत पाणी भरू का तुमचं भाषण भरू?" तो पाणी स्वतः भरायचा, पण पहिल्या बादलीने. फुकटची बादली त्याने वर्षभर मोरीत पालथी ठेवली होती.

कॅम्पातनं जाताना नाला लागला की तो रिक्षातून मान बाहेर काढून पाण्याचा रंग बघायचा. एक दिवस गर्द निळं, एक दिवस काळं, कधी विटकरी. "यंदा दिवाळीत तपकिरी पँटी येणार बघ," तो सांगायचा, आणि खरंच यायच्या. नाल्याच्या कडेला राहणाऱ्या बायका नाकाला पदर लावून कपडे वाळत घालत. मी लहान होते, मला त्या रंगांची मजा वाटायची. मामाला मी तसं म्हटलं, तर तो इतका खेकसला की रिक्षावालाही दचकला. "मजा? त्यात हात घालून दाखव मग."

माझे वडील मी दहावीला असताना गेले. बदलापूरला बेलवलीत आमच्या दोन खोल्या होत्या, आई पाळणाघरात कामाला जायची. माझं बी.कॉम. मामाच्या ओव्हरटाइमवर झालं. त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही. एरवी तोंडाळ असलेला माणूस या एका बाबतीत मुका होता. निकाल लागला त्या दिवशी तो कामावरून तसाच आला आणि मी समोर धरलेली मार्कशीट त्याने हात न लावता वरपासून खालपर्यंत वाचली.

आणि मी नोकरी कुठे धरली? कल्याणला नवीनच उघडलेल्या, सगळ्यात स्वस्त म्हणवणाऱ्या दुकानात. नाव लिहीत नाही, तेवढी जाहिरात तरी मी त्याची करणार नाही. त्या दुकानाबद्दल माझ्या मनात आजही काडीचं प्रेम नाही. नऊ-नऊ तास बिलिंगवर उभ्या पोरी, बसायला स्टूल मागितलं तर "गिऱ्हाईकाला आळशीपणा दिसतो" म्हणणारा साहेब, घरी जाताना आमच्याच पर्स उलट्यापालट्या करणारा पहारेकरी. आणि सेलच्या दिवशी शटर अर्धं वर होताच खालून घुसणारी, एकमेकांच्या ट्रॉलीतून तेलाचे डबे ओढणारी आमची सभ्य माणसं. मामा एकदाही तिथे आला नाही. "तू तिथे आहेस म्हणून त्याला शिव्या घालत नाही," म्हणाला, आणि लगेच घातल्या.

दोन वर्षांत मला बढती मिळाली. कपड्यांच्या खरेदीत बसवलं. बैठकीला हैदराबादला पाठवलं, तेही विमानाने. घराण्यात विमानात बसलेली पहिली मीच. तिकीट एसटीच्या भाड्याएवढं, म्हणून मी मामाला मुद्दाम फोन करून सांगितलं. "पाणी दिलं का?" त्याने विचारलं. पाणी विकत होतं. "आणि बसायच्या आधी खालचा कचरा कोणी काढला?" मी आठवून सांगितलं, हसून नमस्कार करणाऱ्या त्या नटव्या पोरीच पिशव्या घेऊन रांगारांगांतून फिरत होत्या. "वाटलंच," मामा म्हणाला. "झाडूवाली पण तीच, नमस्कारवाली पण तीच. मग? ढग कसे दिसतात वरनं?" मी चिडून फोन ठेवला. माझा आनंद त्याने नासवला असं मला वाटलं. मी ढगांबद्दल सांगणार होते, ते राहूनच गेलं.

त्याच वर्षी मला जीन्सच्या खरेदीवर टाकलं. दोन पँटी एका पँटीच्या भावात द्यायच्या, असं वर ठरलं होतं. ते परवडायचं कसं, ते आम्ही खालच्यांनी बघायचं. दलाल मला कॅम्पातल्या एका पत्र्याच्या शेडमधल्या वॉशिंगमध्ये घेऊन गेला. मामा कॅम्पात काम करतो एवढंच मला ठाऊक होतं. कुठल्या शेठकडे, हे इतक्या वर्षांत मी विचारलं नव्हतं. माझं शिक्षण त्या पत्र्याखालून आलं आणि मला पत्ता माहीत नव्हता.

शेठ म्हातारे, थकलेले गृहस्थ होते. त्यांनी माझ्यासाठी थंड पेय मागवलं. मी नमुना हातात घेऊन साहेबांनी शिकवल्याप्रमाणे तोंड वाकडं केलं. गुडघ्यावर पांढरेपणा कमी आहे म्हटलं, आणि भावही उतरवा म्हटलं.

"मॅडम, सफेदी ज्यादा और रेट कम?" शेठ म्हणाले. "घिसाई डबल होगी. आप ही बताओ, क्या निकालूँ? धागा निकालूँ, बटन निकालूँ, आदमी निकालूँ?"

"ते तुमचं तुम्ही बघा," मी म्हटलं.

हे म्हणताना मी आत बघितलं. ऑफिसची काच निळ्या धुळीने माखलेली, तिच्यापलीकडे फळ्यांवर वाकलेले सात-आठजण, सगळ्यांच्या तोंडाला फडकी बांधलेली, पापण्यासुद्धा निळ्या. त्यातला एक सरळ उभा राहून माझ्याकडे बघत होता. डावा पाय जरा पुढे टाकून. तो पाय मी जन्मल्यापासून ओळखत होते. दार उघडंच होतं, माझा शब्दन्‌शब्द आत ऐकू जात असणार.

मामाने क्षणभर बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मला ओळख दाखवावी लागू नये म्हणून. मी ती सवलत घेतली. दलाल सोबत होता, शेठ समोर होते, माझ्या अंगावर कंपनीचा बिल्ला होता. मी थंड पेय संपवलं आणि करार करून बाहेर पडले. "मामा" म्हणून एक हाक मारायची होती. तीन पावलांचं अंतर होतं.

पुढच्या रविवारी तो नेहमीसारखा बेलवलीला जेवायला आला. सुकट होती. मासळीवरून आईला दोन टोमणे मारले, वरण पातळ म्हणाला, सगळं नेहमीचं. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. मलाही बोलायचा धीर झाला नाही. मी मनाशी म्हटलं, त्याने कदाचित ओळखलं नसेल. असं स्वतःला फसवणं फार सोपं असतं.

त्या पँटी धडाधड खपल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, टाळ्या वाजल्या, काचेची एक ट्रॉफी मिळाली. शेठनी काय काढलं ते मला वर्षाने कळलं, तेही मामीकडून. धागा काढला नाही, बटण काढलं नाही. तेव्हा आमच्याकडे चार-चार, पाच-पाच तास लोडशेडिंग असायचं. वीज गेली की जनरेटरवर धुलाईची मशिनं आणि धूळ बाहेर ओढणारे दोन मोठे पंखे चालायचे. डिझेल वाचवायला शेठनी पंखे जनरेटरवरून काढून टाकले. मशिनं चालू, घासणं दुप्पट, पंखे बंद. धूळ उडाली की जिथल्या तिथे. सात-आठजणांनी ती फडक्यातून ओढायची.

मामाला आधी खोकला लागला, मग जिना चढवेना. शेठनी त्याला "आराम कर" म्हणून घरी बसवलं, म्हणजे काढलंच. मी त्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरून विचारलं, "बिडी किती वर्षं ओढता?" मामाने आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा चघळलं नव्हतं. तरी डॉक्टर पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले, कागदावर तंबाखूचा रकाना होता म्हणून. "जीन्सला रकाना नाही का त्यात?" मामा म्हणाला. डॉक्टरांना वाटलं, पेशंट थट्टा करतोय.

शेवटच्या पावसाळ्यात मी एका दुपारी अंबरनाथला गेले. मामी स्वयंपाकघरात होती. मामा दोन उशांना टेकून बसला होता, एकेका श्वासासाठी खांदे वर उचलत. वर्षभर कामाला न गेल्यामुळे हातांचा रंग उतरला होता. खालची कातडी पांढुरकी, सुरकुतलेली होती, ओळखू येत नव्हती. मला ते हात बघवेनात. मी रडायला लागले आणि सगळं बोलून टाकलं. भाव मी पाडला, पांढरेपणा मी वाढवून मागितला, तुला बघितलं आणि हाक मारली नाही.

"माहितीये," मामा म्हणाला.

"मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसरं कोणी पाठवलं असतं, मामा."

"असतं ना. पण दुसरं कोणी नाही आलं. तू आलीस."

मी म्हटलं, "मला माफ कर."

तो बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. मला वाटलं, आता डोक्यावर हात ठेवेल. आजारी माणसं तसं करतात, सगळ्यांना मोकळं करून जातात. मामा माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, "माफीपण सेलमध्ये पाहिजे का तुला, सुजे?"

त्याने मान वळवून आत हाक दिली, "अगं, ही उपाशी आलीय. वाढ हिला." मामीने गरम भाकरी आणि वालाची उसळ वाढली. तो समोर बसून मी खाते की नाही ते बघत राहिला आणि दुसरी भाकरी संपेपर्यंत त्याने मला उठू दिलं नाही.

तीन आठवड्यांनी तो गेला. मी त्याच दिवशी नोकरी सोडली असं लिहिता आलं तर बरं वाटलं असतं. मी आणखी दोन वर्षं तिथे होते आणि सोडली ती दुसरीकडे पगार जास्त मिळाला म्हणून. मामाने मला माफ केलं नाही. आणि माझ्यावर त्याच्याइतकं प्रेमही कोणी केलं नाही. या दोन्ही गोष्टी मी रोज एकाच वेळी आठवते, आणि त्यातली एकही दुसरीने कमी होत नाही.