भोंग्याचा वटवट्या

आमच्या पक्षीमंडळाचा मी चिटणीस आहे आणि संशय घेणं हे माझं कामच आहे. वसंतात परतीचे पक्षी येऊ लागले की कुठला पक्षी कुणाला आधी दिसला, हे मी मंडळाच्या जाड वहीत लिहितो. हौशी माणसं थापा फार मारतात. बघतात चिमणी, आणि घरी पोचेपर्यंत तिचा दुर्मिळ पक्षी झालेला असतो. म्हणून नियम मी केला: फोटो हवा, तारीख हवी, ठिकाण हवं. नाहीतर नोंद नाही.

भोंगा मात्र इतकी वर्षं माझ्या भिंगाखालून सहीसलामत सुटला होता. तो एका मोठ्या लॉन्ड्रीत बॉयलर सांभाळतो. पाळी बदलताना भोंगा वाजवतो, म्हणून हे नाव. एरवी इतका अबोल, की बैठकीला आलाय की नाही हे खुर्चीकडे बघून ठरवावं लागतं. हातांवर वाफेने भाजल्याचे डाग. थोरल्या बहिणीबरोबर दोन खोल्यांत राहतो. कॅमेरा जुनाच, त्याच्या पट्ट्याला बहिणीने दोनदा टाके घातलेले. पण वहीत सगळ्यात जास्त नोंदी त्याच्या, एकवीस वर्षांच्या. बहीण आल्यागेल्याला सांगते म्हणे, "आमच्या भावाचं नाव वहीत आहे."

यंदा त्याने वटवट्याचा फोटो आणला. पानांवरचे किडे टिपणारा हा एवढासा पक्षी आमच्याकडे मार्च संपता संपता येतो. फोटोवर तारीख होती तीन मार्च. ठिकाणाची जागा कोरी.

"ठिकाण?" मी विचारलं.

"राहू दे."

"राहू दे कसं? नियम आहे."

"तुम्हीच केलेला," म्हणाला आणि निघून गेला.

कुठेतरी पाणी मुरत होतं. घरी जाऊन भिंग लावलं. पक्ष्यामागे पानं होती. कोवळी, हिरवीगार, एक नाही, सात. खिडकीतून बाहेर पाहिलं तर सगळ्या झाडांच्या नुसत्या काटक्या. म्हणजे फोटो गेल्या वर्षीचा आणि तारीख बदललेली! खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

"अहो, एकटेच काय हसताय?" बायकोने विचारलं.

"चोर सापडला. आपला भोंगा."

"भोंगाभाऊजी? काहीतरीच तुमचं!"

बैठकीत मी फोटो आणि भिंग दोन्ही फिरवलं. आमच्या अध्यक्ष दातांच्या डॉक्टर आहेत. पोकळ दात ठोकून बघावा तशी त्यांनी वही बोटाने ठोकली. "एक नोंद खोटी निघाली तर बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा? त्यांच्या सगळ्याच खोडाव्या लागतील."

भोंग्याचा चेहरा पडला. "पानं खरी आहेत. पक्षी खरा आहे."

"मग जागा सांगा."

"पिंगळ्याची सांगितली होती," तो म्हणाला.

दोन वर्षांपूर्वी त्याने आम्हाला पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडाची, ढोली दाखवली होती. आम्ही अकरा कॅमेरे घेऊन धडकलो. फोटोच्या आड येणारी फांदी कुणीतरी मोडली आणि चार दिवसांत पिंगळे अंडी टाकून निघून गेले. फांदी कुणी मोडली याची चौकशी कधी झाली नाही. मंडळाच्या चौकशा मीच करतो.

डॉक्टरांनी त्याला आठ दिवसांची मुदत दिली. मला कसला धीर! तिसऱ्या दिवशी भर दुपारी कॅमेरा घेऊन मी लॉन्ड्रीच्या मागच्या बोळात शिरलो. म्हटलं, बघू तर हा लपवतो काय.

भिंतीतून वाफेचा जाड पाइप बाहेर आला होता. त्याच्या तोंडाशी एक झाड. पाइपाकडची त्याची बाजू पानांनी भरलेली, दुसरी बाजू उघडीबोडकी. उबेला किडे घोंघावत होते आणि पानापानांतून वटवट्या उड्या मारत होता.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. एक डहाळी नेमकी आड आली. माझा हात आपसूक तिच्याकडे गेला.

"तीही मोडणार?"

मागच्या दारात भोंगा उभा होता, हातात जेवणाचा डबा. माझा हात तसाच राहिला.

"तुम्हाला माहीत होतं?" मी कसंबसं विचारलं.

"तुमच्या हॉलमधला पिंगळ्याचा फोटो पाहिला ना. ढोलीसमोर मी रोज उभा राहायचो. फांदीशिवाय ती कधी दिसली नव्हती. तुमच्या फोटोत दिसली."

"मग बोलला का नाहीत?"

"वही तुमच्या हातात, चिटणीससाहेब. बहिणीला काय सांगू, नाव खोडलं म्हणून?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोटो न काढता मी घरी आलो.

पुढच्या बैठकीत त्याच्या नोंदीखाली मी लिहिलं, 'पक्षी मी स्वतः पाहिला', आणि सही केली. ठिकाण कोरंच ठेवलं.

"ठिकाण?" डॉक्टरांनी विचारलं.

"राहू दे."

"तुम्ही म्हणताय हे?"

"पिंगळ्याची फांदी मी मोडली होती," मी म्हणालो. "म्हणून."

सगळे माझ्याकडे बघत होते. भोंगा तेवढा खिडकीबाहेर बघत होता. त्याची नोंद डॉक्टरांनी तशीच ठेवली. मग वहीची पानं मागे उलटत त्या माझ्या नावापाशी थांबल्या.

"ते भिंग द्या जरा इकडे," त्या म्हणाल्या.

मी दिलं.